खालच्या टाकीतलं माहेर

आमच्या बिल्डिंगची लाइट गेली की दोनच शक्यता असायच्या. एकतर वीज कंपनीने घालवलेली, नाहीतर आप्पांनी. गुरुवार असेल तर वीज कंपनी, कारण आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि लाइनच्या दुरुस्तीला मुहूर्त. बाकी कुठल्याही वारी आप्पा. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीपाशी उभे राहून ते मेन स्विच खाली ओढायचे आणि तसेच लगबगीने आपल्या हॉलमध्ये जायचे, खालच्या टाकीत पाणी कुठपर्यंत चढतंय ते बघायला.

वरच्या मजल्यावर एक आयटीवाला राहायचा. त्याचं घरूनच काम. लाइट गेली की तो कानातला हेडफोन काढत जिन्यात यायचा.

"काय राव आप्पा, क्लायंटबरोबर मीटिंग चालू होती माझी."

"चालू व्हती न्हवं? चालू असताना सगळेच शाने असत्यात. बंद पडल्यावर काय करायचं त्ये शिकून घे."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मशीन असो, लग्न असो की महापालिका, आप्पांचा सगळ्या गोष्टींना एकच प्रश्न असायचा, बंद पडल्यावर काय. मी त्यांची भाडेकरू होते तेवढी वर्षं हा प्रश्न त्यांनी मला माझ्या नोकरीबद्दल, स्कूटीबद्दल आणि एकदा मला बघायला आलेल्या मुलाबद्दलही विचारला. त्या मुलाला तर समोरासमोर विचारला. मुलगा परत आला नाही. मला काही फार वाईट वाटलं नाही.

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांची तीन मजली इमारत. खाली ते आणि काकी, वर आम्ही भाडेकरू. जुनं गावकीतलं घर. जिथे त्यांची भातखाचरं होती तिथे आता लोक पाळणे लावलेल्या बागेत संध्याकाळी चकरा मारतात. आप्पा तरुण असतानाच थोडी जमीन रस्त्यात गेली, थोडी भावकीत गेली आणि ते मोटारींच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर म्हणून लागले. आयुष्यभर बंद पडलेली मशिनं चालू केली. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्ती काढली आणि आप्पा घरी आले. "स्वेच्छा कंपनीची आन शिक्षा माझी," असं काकी म्हणायच्या.

शिक्षा म्हणजे काय ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. आप्पांना चहा एका जागी संपवता यायचा नाही. पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा दारात, तिसरा जिन्यात आणि उरलेला गच्चीवर टाकीचं झाकण उचलून बघताना. काकी दिवसातून एकदा कप गोळा करायला गच्चीवर जायच्या. खुर्चीवर बसायला सांगितलं तर आप्पा बसायचे, मग खुर्ची हलते म्हणून उठायचे, ती उलटी करायचे आणि पाना घेऊन खाली बसायचे. खुर्ची दुरुस्त झाली की तिथे बसण्यात त्यांना रस उरायचा नाही. शर्टाच्या खिशात टेस्टर, बर्म्युड्याच्या खिशात पाना. लग्नकार्याला पांढरा शर्ट घातला तरी टेस्टर तिथेच असायचा. नवरदेवाला आहेर देताना तो खाली पडलेला मी स्वतः पाहिलाय.

माझं सांगायचं तर, मी बी.एस्सी. केमिस्ट्री. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. वडील भोसरीला फाउंड्रीत भट्टीवर होते, रिटायर होऊन आई-वडील गावी गेले. मी चाकणच्या एका कंपनीत प्लेटिंगच्या लॅबमध्ये लागले. पार्ट्सना निकेलचा मुलामा चढवायच्या ज्या टाक्या असतात त्यांच्यातलं पाणी तपासायचं, हे माझं काम. कंपनीची बस डांगे चौकातून जायची, म्हणून मी थेरगावात खोली शोधत होते.

खोली बघायला गेले की मी आडनाव आधी सांगते. नंतर कुणाचा चेहरा बदललेला बघायला मला वेळ नसतो. आप्पांच्या दारातही तेच केलं. नाव, आडनाव, आम्ही बौद्ध, नोकरी चाकणला, एकटी राहणार. काकी आत चहा टाकत होत्या, त्यांच्या भांड्यांचा आवाज थांबला. आप्पा मात्र जिन्याच्या कठड्याचा एक नट आवळत होते, त्यांनी वर बघितलंच नाही.

"लॅबमधी म्हंजी काय बघती तू?"

"पाणी. त्यात काय किती विरघळलंय ते."

आता त्यांनी वर बघितलं. "मीठ बी?"

"मीठ तर सगळ्यात सोपं."

"मंग मॅडम, तू आत ये," ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांची मॅडम झाले आणि 'तू'सुद्धा राहिले. खोलीचं बोलणं नंतर झालं. आधी त्यांनी मला हॉलमध्ये नेऊन समुद्री माशांची काचेची टाकी दाखवली आणि हातात एक काचेची नळी दिली, पाण्यात मीठ किती ते मोजायची. नळी बरोबर होती, ते ती चुकीची वाचत होते.

चहा आला. आप्पांना कपात, मला स्टीलच्या एका वेगळ्या पेल्यात. मी पेला बघितला. काकींनी मी तो बघितलेला बघितला. मी चहा प्यायले आणि पेला तिथेच ठेवला, विसळला नाही. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आले तर तोच पेला आप्पांच्या हातात, समुद्री मिठाच्या पिशवीत खुपसलेला.

"अवं, त्यो पेला..." काकी म्हणाल्या.

"ह्यो मापाचा हाय. आता मिठालाच ऱ्हाऊ दे."

त्यानंतर मला चहा कपात यायला लागला, कारण दुसरा वेगळा पेला घरात नव्हता. आप्पांनी हे मुद्दाम केलं की खरंच तो पेला मापाचा होता, ते मी कधी विचारलं नाही. काकींनी पुढे मला काय काय खाऊ घातलं ते सांगायला बसले तर आप्पा बाजूलाच राहतील.

लोक आप्पांना विचारायचे, मासेच पाळायचे तर साधे पाळा, समुद्रातले कशाला. खरं म्हणजे आधी साधेच होते. गावाला परत जाणाऱ्या एका सोबत्याने टाकी देऊन टाकली होती, गोड्या पाण्याची. आप्पांनी ती सहा-सात महिने सांभाळली आणि कंटाळले. "ह्यात काय बिघडतच न्हाई मॅडम. मासं खात्यात, हागत्यात, झोपत्यात. मानसाला काय कामच न्हाई." मग कुणीतरी सांगितलं की खाऱ्या पाण्याच्या टाकीत रोज काहीतरी बिघडतं. आप्पा त्याच दिवशी पिंपरीला जाऊन मीठ घेऊन आले.

आणि खरंच रोज काहीतरी बिघडायचं. पाणी उडून गेलं की मीठ वाढायचं, पाणी घातलं की कमी व्हायचं. काचेवर तपकिरी थर यायचा. उन्हाळ्यात पाणी तापायचं. मी कंपनीतून आले की आप्पा गेटपाशीच उभे असायचे. बसचा हॉर्न ओळखायचे ते. मी चप्पल काढायच्या आत हातात पाण्याची बाटली द्यायचे, तपासायला. दिवसभर टाक्यांचं पाणी तपासून आल्यावर पुन्हा टाकीचंच पाणी. मी चिडायचे. पण करायचे. मलाही नुसतं बसायला जमत नाही. घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाला बसून राहिलं की आपण काहीतरी वाया घालवतोय असं वाटतं. आप्पांना आणि मला एकमेकांचं एवढं एकच कळत होतं, आणि ते पुरत होतं.

खालची टाकी करायची कल्पना माझी. समुद्री टाकीवाले मोठ्या टाकीखाली कपाटात दुसरी टाकी ठेवतात. वरचं पाणी पाइपातून खाली उतरतं, कप्प्याकप्प्यांतून गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मी कागदावर काढून दाखवलं. आप्पांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या कंपनीत नवीन मशीन उतरवताना मेंटेनन्सच्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. पाइप, एल्बो, व्हॉल्व्ह, पंप. त्यांना पुन्हा कामावर घेतल्यासारखं झालं.

त्या दिवसांत घरात चालायला जागा नव्हती. काचा चिकटवायचा आंबट वास जेवणात यायचा. पाइप कापल्याचा पांढरा भुसा काकींच्या पोळीच्या डब्यावर. आमची भांडणं रोजची. त्यांनी कुठूनतरी जुना पितळी व्हॉल्व्ह आणला होता, कंपनीतला, वजनदार, हातात घेतला की खरंच छान वाटावं असा.

"ह्यो तुज्यामाज्या माघारी बी चालंल," ते म्हणाले.

"पितळ नाही चालणार आप्पा."

"पितळंला काय झालं? आमची कंपनी पितळंवर चालायची."

"पितळात तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू सुटतं. माशांना एक वेळ चालेल, पण बारीक जीव मरतात. माझं रोजचं काम आहे हे."

"प्लास्टिकचा व्हॉल्व्ह म्हंजी खेळन्यातला."

"मग खेळण्यातला लावा."

दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी प्लास्टिकचा लावला आणि पितळी व्हॉल्व्ह पुसून टीव्हीवर ठेवला, गणपतीशेजारी.

पाणी सोडलं त्या दिवशी सगळं व्यवस्थित चाललं. वरून पाणी खाली, खालून वर. मला वाटलं, झालं. आप्पा म्हणाले, "चालू असताना कुनाचं बी चालतं," आणि जाऊन मेन ओढला. पंप थांबला. पण वरचं पाणी थांबेना. पंपाकडून वर येणाऱ्या पाइपाचं तोंड वरच्या टाकीत खोल बुडालेलं होतं, त्यातून पाणी उलटं खेचलं जाऊन खाली येत राहिलं. खालची टाकी भरली, वाहिली, कपाटातून हॉलमध्ये, हॉलमधून स्वयंपाकघरात. काकी उंबऱ्यावर उभ्या राहून पायाशी येणाऱ्या पाण्याकडे बघत होत्या.

"माझ्या बहिनी कोकन बघून आल्या," त्या म्हणाल्या. "मला घरीच आनलं."

आप्पा खूश होते. पाण्यात उभे राहून खूश. बिघडलं होतं, म्हणजे काम होतं. पाइपाला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडलं, म्हणजे पाण्याची पातळी तिथवर उतरली की आत हवा शिरते आणि ओढ तुटते. तेव्हापासून ते भोक बुजलं तर नाही ना, हे बघायला वारंवार मेन ओढणं सुरू झालं. आयटीवाल्याने शेवटी स्वतःची बॅटरी घेतली.

आता काकींच्या माशाकडे येते, कारण सगळं खरं तिथून आहे.

काकी टाकीकडे फिरकायच्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते आप्पांचं कारखान्याचं काम होतं, जे चुकून घरात आलं होतं. पण एकदा पिंपरीला ब्लाउजपीस आणायला आप्पांबरोबर गेल्या आणि आप्पा मीठ घेत होते तेवढा वेळ माशांच्या दुकानात उभ्या राहिल्या. तिथे एका छोट्या टाकीत तळाशी एक मासा चालत होता. पोहत नव्हता, पंखांवर चालल्यासारखा सरकत होता. निळ्या अंगावर नारिंगी वळणं, जशी कुणी हळदकुंकवाच्या बोटाने ओढलीत. दुकानदार त्याला मँडरिन म्हणायचा.

"ह्यो मोरावानी हाय," काकी म्हणाल्या. "घ्या ह्यो."

आप्पांनी ही गोष्ट मला कितीतरी वेळा सांगितली आणि दर वेळी याच जागी थांबले. लग्न झाल्यापासून काकींनी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी घेतली तर नेसल्या, नाही घेतली तर नाही. शेत गेलं तेव्हा एक शब्द नाही, कंपनी सुटली तेव्हा नाही. आणि आता भर दुकानात, चार माणसांत, 'घ्या ह्यो'. दुकानदार बिचारा सांगत होता, आप्पा, याचं खाण्याचं अवघड असतं, याला जिवंत बारीक किडे लागतात. आप्पा म्हणाले, "तू पॅक कर."

मोर घरी आला. काकी दुपारचं आवरून टाकीसमोर येऊन उभ्या राहायला लागल्या. पदराला हात पुसत. आणि मोर काही खाईना. दाणे टाकले, समोरून वाहून गेले. गोठवलेलं खाणं टाकलं, त्याने बघितलं आणि पुढे सरकला. दिवसभर दगडांवर चोची मारत फिरायचा, दगडांवर जेवढे किडे होते तेवढे त्याने संपवले. दोनेक आठवड्यांत त्याच्या डोक्यामागे खळगा पडला, पोट आत गेलं.

"मॅडम," आप्पा गेटवरच म्हणाले, "ह्यो मेला तर मी तिला काय सांगू?"

मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं राहिलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग वाचलं, विचारलं, चिंचवडच्या एका मासे पाळणाऱ्या छंदवाल्याला फोन केला. उपाय होता. खालच्या टाकीत एक कप्पा असा ठेवायचा की जिथे मासे नाहीत आणि पाण्याला जोर नाही. तळाला वाळू, वर समुद्री शेवाळाचा गुंता आणि त्यावर एक दिवा. त्या शेवाळात डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे राहतात. तिथे त्यांना कुणी खात नाही, म्हणून ते वाढतात. वाढले की थोडे थोडे पाण्याबरोबर पंपातून वर जातात, मोराच्या तोंडाशी. या कप्प्याला इंग्रजीत रेफ्युजियम म्हणतात, मी सांगितलं.

आप्पांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि सोडून दिला. "वर खानारं, खाली लपायला जागा. माहेर म्हन की सरळ."

माहेर झालं. चिंचवडहून पिशवीत शेवाळ आणलं, त्यात ते किडे होते, भिंगातून आप्पांना दाखवले. "ह्ये एवढुसं पोसनार त्याला?" ते म्हणाले. मी सांगितलं, पोसतील, पण महिना-दीड महिना लागेल, तोवर मी बाटलीत दुसरे बारीक जीव उबवून देते, त्यावर तो कसाबसा तग धरेल. एकच अट. माहेराला हात लावायचा नाही.

"न्हाई लावत."

रोज सकाळी बाटलीतले जीव मोराच्या तोंडाशी सोडून मी बस पकडायचे. तो ते खायचा, पण ते म्हणजे उपाशी माणसाला चुरमुरे. महिना झाला. शेवाळ वाढेना. भिंगातून बघितलं तर किडे दिसेनात. पाणी तपासलं, पाण्यात काही दोष नाही. मीठ बरोबर, उष्णता बरोबर. माझं डोकं चालेना. कंपनीत टाकी बिघडली की मी कारण शोधून काढते, त्याचा मला पगार मिळतो आणि त्याचा मला अभिमान आहे. इथे कारण सापडत नव्हतं आणि मोराचं पोट कागदासारखं झालं होतं. काकी आता समोर उभ्या राहत नव्हत्या. येता-जाता फक्त एकदा बघायच्या आणि नजर काढून घ्यायच्या. आप्पांशी बोलणंही कमी झालं होतं. रागाने नव्हे. मागायला नको होतं, असं काहीतरी त्यांच्या मनात बसत चाललं होतं, आणि आप्पांना ते दिसत होतं. ते दिवसभर घरात फिरत राहायचे. हॉल, गच्ची, मीटरची पेटी, हॉल.

गुरुवारी माझी सुट्टी. मी एरवी बहिणीकडे जायचे. त्या गुरुवारी सर्दीने नाक भरलं होतं म्हणून घरीच होते. दुपारी वाफेसाठी निलगिरीचं तेल मागायला खाली आले. कपाटाचं दार उघडं होतं. आप्पा जमिनीवर फतकल घालून बसलेले. शेजारी बादली, बादलीत नळाचं पाणी, पाण्यात शेवाळाचा गुंता. मांडीवर पिठाची चाळणी, चाळणीत वाळू. हातात टूथब्रश. माहेराच्या काचा इतक्या लख्ख होत्या की त्यात त्यांचा चेहरा दिसत होता.

"आप्पा, हे काय करताय?"

"शटडाऊन," ते म्हणाले.

मी चाळणीतली वाळू चिमटीत घेऊन बघितली.

"गुरवार न्हवं का. आज सगळं खोलायचं, धुवायचं, पुसायचं, बसवायचं. हात न्हाई लावला, ब्रशनंच केलं. बघ कसं झालंय."

कारखान्यात तीसेक वर्षं त्यांनी हेच केलं होतं. साप्ताहिक सुट्टीला मशीन थांबतं, मेंटेनन्सचा माणूस ते उघडतो, घाण काढतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मशीन चकचकीत मिळतं. घाण राहिली तर साहेबाचा ओरडा. त्यांनी माहेराचं तेच केलं होतं, दर गुरुवारी, मनापासून. सगळे किडे आणि त्यांची सगळी पिल्लं नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात धुऊन मोरीत.

मी सांगितलं. सर्दीच्या आवाजात, जरा जास्तच स्पष्ट सांगितलं. ती घाण नव्हती आप्पा, तेच मोराचं जेवण होतं.

ते चाळणीतल्या वाळूकडे बघत राहिले. टूथब्रश त्यांनी हळूच बादलीच्या काठावर ठेवला.

"मंग मी काय करायचं हुतं?"

"काही नाही करायचं."

"काय न्हाई म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

हे त्यांना खरंच समजलं नाही. राग नव्हता, नाटक नव्हतं. काही न करणं हे एक काम असू शकतं, हे त्यांना कुणी आयुष्यात सांगितलंच नव्हतं. नांगर धरला तेव्हा नाही, पाना धरला तेव्हा नाही.

स्वयंपाकघराच्या दारात काकी उभ्या होत्या. किती वेळ, कुणास ठाऊक. "माहेरात दर आठवड्याला येऊन कुनी भित्ती घासत न्हाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुन्हा चिंचवड, पुन्हा शेवाळ. या वेळी छंदवाल्याने आपल्या टाकीतला एक दगडही दिला, किड्यांनी भरलेला. आप्पांनी स्वतःला घराबाहेर काढलं. त्या आठवड्यांत आमच्या गल्लीत एकही नळ टपकत नव्हता. शाळेच्या फाटकाची कुरकुर गेली. देवळातल्या घंटेचा लोलक हलतो म्हणून त्यांनी तो असा आवळला की घंटा वाजेचना, पुजाऱ्याने घरी येऊन तक्रार केली. काकींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "थोडं दिवस सोसा. घरात एक जीव जगवायचाय."

पण गुरुवार यायचाच. आणि गुरुवारी आप्पांचे हात त्यांचे नसायचे.

मी दर गुरुवारी मुद्दाम घरी थांबायला लागले. महिनाभरानंतरच्या गुरुवारी दुपारी काकींनी स्टूल आणलं, कपाटाच्या दाराला पाठ लावून बसल्या आणि मांडीवर मेथीची जुडी सोडली. आप्पा गच्चीवरून आले, बादली घेऊनच.

"उठ जरा."

"न्हाई."

"मी काय करत न्हाई. नुस्तं बघतो किडं हायती का."

"मॅडम बघती किडं. तुमी बसा."

"कुठं?"

"हितं. फरशीवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मेथीकडे बघितलं. ते बसले. बादली मांडीशी घेऊन. त्यांचा एक पाय सारखा हलत होता, त्याने बादलीची कडी वाजत होती. काकींनी हात पुढे करून बादली काढून घेतली आणि माझ्याकडे सरकवली. मी ती मोरीत ठेवून आले.

"आता?" आप्पा म्हणाले.

"आता काय. बघा की वर."

"वर काय हाय बघन्यासारखं? वरचं सगळं चालू हाय."

काकी मेथीची पानं खुडत राहिल्या. आप्पांनी मान वर केली. मोर काचेजवळच्या दगडावर होता. डोक्यामागचा खळगा अजून होता, पण मागच्या गुरुवारएवढा खोल नव्हता, हे मी सकाळीच बघितलं होतं आणि मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो थांबला. दगडावर काहीतरी न्याहाळलं, तोंड पुढे काढलं आणि टिपलं. सरकला. पुन्हा थांबला, पुन्हा टिपलं. मी बाटलीतलं काही सोडलेलं नव्हतं. तो खालून वर आलेलं खात होता.

मी तोंड उघडलं. काकींनी नजरेनेच मला गप्प केलं.

आप्पा बघत होते. पाय अजून हलत होता, मग कमी हलत होता. मोर फिरून काचेशी आला, अगदी त्यांच्या तोंडासमोर, आणि त्याने एक डोळा आप्पांकडे लावला, दुसरा दगडाकडे. आप्पा पुढे वाकले. नाक काचेला लागलं.

"अगं," ते म्हणाले, "ह्याचं डोळं येगळंयेगळं फिरत्यात."

काकींनी एक देठ मोडला, पान ताटात टाकलं.

"आत्ता दिसलं व्हय?"